नटाचे काम ओळखावे कसे? ठाण्यातल्या एका सिनेमावेड्या गटाला उत्तर

घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहसंकुलातली आठ-दहा मंडळी महिन्यातून एखादा सिनेमा एकत्र पाहतात आणि परतीच्या वाटेवर त्यावर कडाडून वाद घालतात. त्यांच्यापैकी एका ताईंनी मला काही प्रश्न विचारले आहेत. एकाच नटाचे काम एकाला अप्रतिम आणि दुसऱ्याला सुमार का वाटते? नटाचे खरे काम आमच्यासारख्यांनी ओळखावे कसे? कमाईच्या आकड्यांवर किती विसंबावे? आणि सिनेमा मनातून आवडला नसला, तरी तो मराठी आहे म्हणून चांगला म्हणावा का? त्यांच्या गटातले एक गृहस्थ प्रत्येक वाद ‘आपल्याला काय कळतंय त्यातलं’ असे म्हणून मिटवून टाकतात, असेही त्यांनी लिहिले आहे. मी चित्रपट-संकलक आहे. कामाची सगळी वर्षे अंधेरी-गोरेगावकडच्या एडिट रूममध्ये गेली, राहणे मात्र कायम ठाण्यात. नटाचे काम माझ्यापुढे येते ते कच्च्या स्वरूपात, चुकलेल्या आणि साधलेल्या सगळ्या टेकसह, म्हणजे एकाच प्रसंगाच्या पुनःपुन्हा केलेल्या प्रत्येक चित्रीकरणासह. म्हणून त्या गृहस्थांचे म्हणणे मला आधी खोडून काढावेसे वाटते.

सिनेमा पुरा होण्याआधी, पार्श्वसंगीत तात्पुरते आणि रंगसंस्कार अर्धवट असताना, आम्ही तो वीस-पंचवीस अनोळखी माणसांना दाखवतो. मी त्या वेळी पडद्याकडे पाहत नाही. बाजूच्या भिंतीला लागून बसतो आणि पडद्याच्या उजेडात लोकांचे चेहरे पाहतो. कोणत्या प्रसंगाला तिघे-चौघे एकदम खुर्चीत सरकून बसले, कुठे मोबाइलचा उजेड दिसला, कुठे एखाद्या बाईंचा हात रुमालासाठी पर्समध्ये गेला पण नजर पडद्यावरून हटली नाही, हे वेळेसह वहीत टिपून ठेवतो. खेळ संपल्यावर बोलायला बसवले की बहुतेक जण एकच सांगतात, ‘सेकंड हाफ लांबलाय.’ वही उघडली की दिसते, चुळबूळ मध्यंतराच्या बरीच आधी सुरू झालेली असते. नायिकेने घर का सोडले हे पूर्वार्धात नीट ठसले नाही, म्हणून तिचे पुढचे सगळे हाल लोकांना परके वाटले, आणि परके वाटले म्हणून लांबले. अशा वेळी उत्तरार्ध कापून उपयोग होत नाही. पूर्वार्धात गाळलेला एक लहानसा प्रसंग परत बसवावा लागतो. दुखते कुठे हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, दुखण्याचे मूळ शोधणे हे वैद्याचे काम. प्रेक्षक ‘मला इथे असे वाटले’ म्हणतो तेव्हा तो सहसा चुकत नाही, आणि आमच्या धंद्यात त्या वाक्याइतके मोलाचे दुसरे काही नसते. तो ‘हे अमुक माणसामुळे झाले’ असे म्हणू लागला की मात्र नेम चुकण्याचा संभव फार वाढतो. ‘हिरोने सिनेमा खाल्ला’ किंवा ‘हिरॉइनने सिनेमा बुडवला’ ही मते याच दुसऱ्या प्रकारची आहेत, आणि तुमचे बहुतेक वाद तिथेच पेटत असणार.

१९२० च्या सुमारास लेव्ह कुलेशोव्ह या सोव्हिएत दिग्दर्शकाने केलेला एक प्रयोग आमच्या व्यवसायात पहिल्याच धड्यात शिकवला जातो. एका प्रसिद्ध नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने एकदा सुपाच्या ताटलीला, एकदा शवपेटीला आणि एकदा एका तरुण स्त्रीच्या दृश्याला जोडून दाखवला. लोकांना त्या चेहऱ्यावर अनुक्रमे भूक, शोक आणि ओढ दिसली, आणि त्यांनी नटाची तारीफ केली, असे सांगतात. शंभर वर्षे होऊन गेली तरी दर आठवड्याला पडद्यावर हेच घडत असते. एका कौटुंबिक मराठी चित्रपटाचे उदाहरण देतो. मुलगा परगावाहून येणार म्हणून आई दाराशी उभी आहे, असा प्रसंग होता. दिग्दर्शकाने ‘कट’ म्हटल्यानंतरही कॅमेरा तीन-चार सेकंद चालू राहिला होता. तेवढ्यात त्या अभिनेत्रीने पदर सारखा केला, चौकटीला हात टेकला आणि खाली अंगणात पाहिले. रंगभूषेचा माणूस येतो आहे का, एवढेच त्या पाहत होत्या. मी तो तुकडा उचलला आणि रिकाम्या रस्त्याच्या दृश्यानंतर लावला. चित्रपट पाहून आलेल्या कित्येकांनी मला सांगितले की, दाराशी वाट पाहण्याचा तो क्षण काळजाला हात घालतो. आता श्रेय कोणाचे? तुकडा शोधला मी. पण दिवसभर तोच प्रसंग पुनःपुन्हा केल्यामुळे त्यांच्या खांद्यांत उतरलेला थकवा खरा होता, आणि ‘कट’नंतरही त्या पूर्णपणे त्या आईच्या अंगातून बाहेर पडल्या नव्हत्या. सामान्य नटीने तिथे क्षणात स्वतःचा चेहरा परत आणला असता आणि मला एकही फ्रेम वापरता आली नसती. अभिनय आणि संकलन एकमेकांत असे मिसळलेले असतात. त्यांची चोख वाटणी कधी कधी आम्हालाही करता येत नाही.

आवाजाची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची. ‘पुष्पा’ २०२१ मध्ये आणि त्याचा दुसरा भाग २०२४ मध्ये आला, तेव्हा ठाण्यात आणि नवी मुंबईत तो बहुतेकांनी हिंदीत पाहिला. अल्लू अर्जुन यांच्या संवादफेकीवर लोक फिदा झाले. हिंदीतला तो आवाज आपल्या श्रेयस तळपदे यांचा आहे. हिंदी ‘बाहुबली’मधला प्रभास यांचा भारदस्त आवाज शरद केळकर यांचा. चाल, खांदा, नजर एकाची आणि आवाज दुसऱ्याचा. तरी आपण कौतुक करताना एकच नाव घेतो. यात लोकांचा दोष नाही, डबिंग उत्तम झाल्याची ती पावतीच आहे. पण ‘काय डायलॉग मारलाय’ असे म्हणताना नेमके कोणाला दाद देत आहोत, हे एकदा श्रेयनामावलीत पाहून घ्यावे. मूळ मराठी किंवा हिंदी चित्रपटातही पुष्कळदा नट नंतर स्टुडिओत उभा राहून स्वतःचेच संवाद पुन्हा बोलतो. सेटवर रडताना आलेला श्वास वातानुकूलित खोलीत, कानाला हेडफोन लावून परत आणायचा, हे मोठे कसब आहे. ते फसले की चेहरा रडतो आणि आवाज मात्र कागदावरून वाचल्यासारखा येतो. प्रेक्षकाला काहीतरी खोटे वाटते, आणि तो म्हणतो, ‘रडण्याचा सीन जमला नाही.’

मग नटाचे स्वतःचे काम पाहावे कुठे? माझा अनुभव सांगतो की, तो बोलत नसताना पाहावे. समोरचे पात्र बोलत असताना हा ऐकतो आहे, की आपली पाळी येण्याची वाट पाहत थांबला आहे, हे नीट पाहिले तर कोणालाही दिसते. ऐकणाऱ्या नटाच्या चेहऱ्यावर समोरच्याच्या वाक्याच्या मध्यातच काहीतरी हलते, कारण माणसाला अर्थ वाक्य संपायच्या आधीच लागलेला असतो. पाळीची वाट पाहणारा नट वाक्य संपल्यावर हलतो. एडिट टेबलावर हा फरक इतका ढळढळीत दिसतो की, पहिल्या प्रकारच्या नटाचे रिअ‍ॅक्शन शॉट आम्ही हावरटासारखे वापरतो, आणि दुसऱ्याच्या वेळी कॅमेरा बोलणाऱ्यावरच ठेवतो. एखाद्या मोठ्या ताऱ्याच्या चित्रपटात तो गप्प असताना त्याच्यावर फारसे दृश्य टिकत नसेल, तर त्यामागे बऱ्याचदा हे कारण असते. तसेच दोन-तीन पात्रे एकाच चौकटीत आहेत आणि बराच वेळ कट नाही, अशा जागा लक्षात ठेवाव्यात. तिथे मी काही वाचवू शकत नाही आणि काही बिघडवूही शकत नाही. जे आहे ते नटांचे आहे. हात पाहावेत. नटाने जेवताना घास खरोखर चावला का, जिना चढून आल्यावर त्याला दम लागला होता का, हे पाहावे. आणि सगळ्यात अवघड परीक्षा सातत्याची. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. शेवटचा प्रसंग पहिल्या आठवड्यात आणि पहिला प्रसंग दोन महिन्यांनी घेतला जातो. तरीही त्या माणसाचे दुःख पायरीपायरीने वाढत गेल्यासारखे वाटले, तर तो नट आपल्या भूमिकेचा हिशेब डोक्यात बाळगून होता, असे खुशाल समजावे.

ताईंनी ‘छावा’चे नाव घेतले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो आला तेव्हा त्यांच्या गटात दोन तट पडले होते, विकी कौशल यांचे आणि अक्षय खन्ना यांचे. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, आरडाओरडा कोणीही करील, गप्प राहून धाक दाखवणे म्हणजे खरा अभिनय. हे मत आजकाल सर्रास ऐकू येते आणि मला ते मान्य नाही. जड रंगभूषेखाली, हळू आवाजात, फक्त डोळे आणि मान यांच्या बळावर औरंगजेब उभा करणे हे अक्षय खन्ना यांचे काम निःसंशय मोठे आहे. पण गर्जनेचा अभिनय सोपा असतो, हा समज काढून टाकावा. रणांगणाचा प्रसंग दिवसेंदिवस तुकड्या-तुकड्यांनी चित्रित होतो. मंगळवारी दुपारी मारलेली आरोळी सोमवारी संध्याकाळच्या आरोळीला त्याच उंचीवर, त्याच श्वासात जोडली जायला हवी असते. आवाज बसलेला असतो, अंग दुखत असते, आणि एका टेकमध्ये जोर जरासा कमी पडला तर सलगता तुटते. विकी कौशल यांच्या कामात ती तुटत नाही. दोघांची कामे वेगवेगळ्या जातीची आहेत, आणि एकाला दुसऱ्याच्या मापाने मोजल्यामुळे तुमचा वाद मिटत नसावा.

मोजमापाचा हा घोटाळा ठाणेकरांच्या बाबतीत आणखी एका कारणाने होतो, आणि ते कारण मला फार प्रिय आहे. गडकरी रंगायतन १९७८ पासून आपल्या तलावपाळीला आहे, पुढे घाणेकर नाट्यगृह झाले, वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. इथला प्रेक्षक शनिवारी नाटक आणि रविवारी सिनेमा पाहणारा आहे. नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोहोचायचे असते, सिनेमातल्या नटाला हातभर अंतरावरच्या भिंगापर्यंत. रंगमंचावर जी भुवई योग्य उंचीवर असते, तीच पडद्यावर वीस फुटांची होते. म्हणून मराठी सिनेमा पाहून ‘फार नाटकी वाटलं’ असे कोणी म्हणाले, तर ते मत मी गांभीर्याने घेतो. मात्र मग मी विचारतो, नट नाटकी होता की संवाद? कारण घरातली माणसे एकमेकांना ठाऊक असलेलीच माहिती लांबलचक वाक्यांत एकमेकांना सांगत असतील, तर जगातला कोणताही नट ते सहजपणे बोलू शकणार नाही. ‘नटसम्राट’ २०१६ मध्ये पडद्यावर आला तेव्हा ज्यांनी कुसुमाग्रजांच्या मूळ नाटकात डॉ. श्रीराम लागूंना पाहिले होते, त्यांनी नाना पाटेकर यांची तुलना त्यांच्याशी केली. तुलना करावी, जरूर करावी. फक्त एकाला कॅमेरा मिळाला होता आणि दुसऱ्याला नव्हता, एवढे मनात धरून करावी.

दोन्ही मापे एकाच माणसात पाहायची असतील तर दिलीप प्रभावळकर यांच्याकडे पाहावे. ‘हसवाफसवी’त एका नाटकात सहा माणसे उभी करणारा हा नट, ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी झाला तेव्हा आवाज आणि हालचाल किती कमी करतो, हे आठवून पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘दशावतार’ आला, त्या वेळी त्यांनी वयाची ऐंशी ओलांडलेली होती. त्यात त्यांची भूमिका कोकणातल्या वृद्ध दशावतारी कलावंताची आहे. म्हणजे नट, त्याच्या आत म्हातारा माणूस, आणि त्या माणसाच्या अंगात आलेले सोंग, असे तीन थर. तुमच्या गटातल्या कोणी म्हटले की ‘या वयात एवढं केलं, कमाल आहे’, तर ते प्रेमाने म्हटलेले असते, पण त्याने त्यांच्या कामाला न्याय मिळत नाही. वयाचे कौतुक बाजूला ठेवून, घरात वावरतानाची मान आणि सोंग चढल्यावरची मान यांत काय फरक पडतो, एवढेच पाहावे आणि त्यावर बोलावे.

ठाणेकरांचा एक वेगळा अधिकार ‘धर्मवीर’च्या वेळी दिसून आला. मे २०२२ मध्ये तो चित्रपट आला. तो ज्यांच्या आयुष्यावर आहे, त्या ठाण्याच्या शिवसेना नेत्याचे, आनंद दिघे यांचे, निधन २६ ऑगस्ट २००१ रोजी झाले; म्हणजे तेव्हा वीस वर्षे उलटली होती. पण टेंभी नाक्यावर त्यांना जवळून पाहिलेली, त्यांच्याकडे काम घेऊन गेलेली माणसे शहरात हजारोंनी आहेत. प्रसाद ओक दिघे म्हणून पडद्यावर आले तेव्हा या लोकांनी जी दाद दिली किंवा जी चूक काढली, ती कोणत्याही समीक्षकाला जमली नसती, कारण त्यांनी तो माणूस कसा बसतो, दाढीवरून हात कसा फिरवतो, रागावतो तेव्हा आवाज चढतो की उतरतो, हे पाहिलेले होते. मात्र ‘हुबेहूब दिसतो’ आणि ‘उत्तम अभिनय केला’ या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्यात. दिसणे हे रंगभूषा, वेषभूषा आणि कॅमेऱ्याचा कोन यांच्याही हाती असते. माणूस ओळखीचा वाटला की नाही, हे नटाच्या हाती. साम्य पहिल्या दहा मिनिटांत डोळ्यांना सरावून जाते; त्यानंतरही तुम्हाला तो खरा वाटत राहिला असेल, तर ती अभिनयाची कमाई.

नवख्या नटांविषयी थोडक्यात. ‘ते स्वतःसारखेच तर वागत होते, त्यात अभिनय कसला’ हा आक्षेप ‘सैराट’च्या वेळी फार ऐकला. रिंकू राजगुरू त्या वेळी पंधरा वर्षांचीही पूर्ण झाली नव्हती, आणि राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये तिच्या कामाची विशेष दखल घेतली गेली. दिवे, ट्रॉली, मोजपट्टी घेऊन उभी असलेली माणसे भोवती असताना स्वतःसारखे वागता येणे, हीच तर नटाची पहिली अट आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी घरच्या लग्नाच्या व्हिडिओत आपण कसे चालतो ते पाहावे. जुलै २०२५ मधल्या ‘सैयारा’च्या वेळी दुसरीच तऱ्हा झाली. अहान पांडे आणि अनीत पड्डा ही नवी जोडी पाहून विशीतली मुले चित्रपटगृहात रडली आणि चाळिशीतल्यांनी त्यांची टिंगल केली. माझ्या मते ती टिंगल अनाठायी होती. तो चित्रपट ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापर्यंत पोहोचला. तुमच्या गटातली कॉलेजात जाणारी मुलगी रडली असेल, तर तिला कोणत्या जागी रडू आले हे विचारावे; नटांविषयी तुम्हाला जे दिसले नाही, ते ती दाखवून देऊ शकेल.

लांबीविषयी मी संकलक असल्यामुळे नेहमीच विचारले जाते. डिसेंबर २०२५ मधला ‘धुरंधर’ साडेतीन तासांच्या घरात जातो आणि लोक तो बसून पाहतात. दुसरीकडे पावणेदोन तासांच्या चित्रपटात माणसे घड्याळ पाहतात. लांबी प्रमाणपत्रावर लिहिलेली असते, चित्रपट सुरू होताना ते पडद्यावर दिसते, वाचून घ्यावे. रेंगाळणे ही वेगळी गोष्ट आहे. पुढे काय होणार हे कळून चुकले आहे आणि पडदा अजून तेच सांगतो आहे, असे झाले की दोन मिनिटेही लांब वाटतात. त्यामुळे ‘लांब आहे’ असे म्हणण्यापेक्षा ‘अमुक ठिकाणी मला आधीच कळले होते’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्यालाही काही हाती लागते.

आता एक बाब जिच्याकडे प्रेक्षकांचे फार दुर्लक्ष होते, आणि नटाच्या कामाविषयीची कितीतरी मते तिच्यामुळे बिघडतात. तुम्ही चित्रपट कुठे आणि कसा पाहिला? चित्रपटाचे ध्वनिमिश्रण एका ठरावीक पातळीवर केलेले असते. डॉल्बीच्या ध्वनियंत्रणेवर ती पातळी सातच्या आकड्यावर असते, आणि चित्रपटगृहानेही सातवरच ठेवावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, लोक तक्रार करतात, मग यंत्रणा साडेचार-पाचवर आणली जाते आणि मुख्य चित्रपटालाही तशीच राहते. पुटपुटलेला, श्वासावर बोललेला संवाद त्यात बुडतो. तुम्ही म्हणता, ‘तो तोंडातल्या तोंडात बोलत होता.’ त्याने बरोबर बोललेले असते, तुमच्यापर्यंत आलेले नसते. प्रकाशाचेही तसेच. प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला की रात्रीचे प्रसंग काळपट होतात, आणि अंधारात डोळ्यांनी केलेला सगळा अभिनय वाया जातो. बोरिवलीच्या तुमच्या भावाला जे काम उत्तम वाटले ते तुम्हाला फिके का वाटले, याचे उत्तर कधी कधी एवढेच असते. बसायचे झाले तर पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराच्या साधारण दोनतृतीयांशावर, मधोमध बसावे. ध्वनी तपासताना मोजमाप तिथेच घेतात. आणि संवाद ऐकू येत नसतील तर मध्यंतराची वाट न पाहता बाहेर जाऊन व्यवस्थापकाला सांगावे. तो आकडा वर न्यायला अर्धा मिनिट लागतो. माणसे तीनशे रुपये देऊन दोन तास कुरकुरत बसतात आणि रागाचे खापर नटावर फोडतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

कमाईच्या आकड्यांबद्दल. तीनशे रुपयांच्या तिकिटातून १८ टक्के जीएसटी काढला की सुमारे २५४ रुपये उरतात. (शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे, पण मल्टिप्लेक्सच्या नेहमीच्या दरांत ती सवलत क्वचितच लागू पडते.) मल्टिप्लेक्स आणि निर्माते यांच्यात २००९ च्या संपानंतर जी वाटणी ठरली, त्यानुसार पहिल्या आठवड्यात निम्मे, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे तीस टक्के वितरकाकडे जातात. म्हणजे पहिल्या आठवड्यातही तुमच्या तीनशेपैकी सव्वाशेच्या आसपास पलीकडे पोहोचतात. ‘शंभर कोटी’ असे कोणी म्हणाले की ते करासह, करावजा की वितरकाच्या वाट्याचे, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. शिवाय दीडशे रुपयांच्या तिकिटाचा मराठी चित्रपट आणि चारशेच्या तिकिटाचा हिंदी चित्रपट यांच्या कमाईची तुलना म्हणजे प्रेक्षकसंख्येची तुलना नव्हे. आणि यातल्या कुठल्याही आकड्यात नटाने काम कसे केले, याचा एका अक्षरानेही उल्लेख नसतो. पहिल्या खेळानंतर तासाभरात येणाऱ्या, चित्रपटाला ‘पाचपैकी इतके तारे’ देणाऱ्या गुणांकनाकडेही मी पाहत नाही. तुमच्या गटानेही पाहू नये, असे मला वाटते.

राहिला प्रश्न मराठीच्या आपलेपणाचा. न आवडलेला मराठी चित्रपट केवळ मराठी आहे म्हणून चांगला म्हणू नये. तसे म्हटल्याने पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर तिकीट काढणारा माणूस एकदा फसतो आणि मग चांगल्या चित्रपटालाही येत नाही. पण मराठी चित्रपटाची एक अडचण लक्षात घेऊन वागावे. त्याला पहिल्या आठवड्यात पुष्कळदा सकाळी अकराचा किंवा दुपारी तीनचा खेळ मिळतो. रात्री आठच्या पुढे ठाणे किंवा वाशी स्थानकावर उतरणारा नोकरदार तो पाहूच शकत नाही, आणि शनिवार-रविवारी गर्दी दिसली नाही की सोमवारपासून खेळ कमी होतात. म्हणून आवडलेल्या मराठी चित्रपटाविषयीचे मत पंधरा दिवसांनी सांगून उपयोग नसतो. ते रविवार दुपारपर्यंत सांगावे. ‘बाईपण भारी देवा’ २०२३ मध्ये आठवड्यामागून आठवडे चालला तो बायकांनी बायकांना सांगितले म्हणून. भिशीची, भजनी मंडळाची, शाळेतल्या जुन्या वर्गमैत्रिणींची टोळकी नटूनथटून चित्रपटगृहात गेली. मार्च २०२५ मधला ‘स्थळ’ घ्या. विदर्भातल्या खेड्यात मुलगी पाहण्याचा कार्यक्रम मुलीच्या नजरेने दाखवणाऱ्या त्या चित्रपटात ओळखीचा तारा नाही. अशा चित्रपटाचे पोस्टर माणसांना आत ओढू शकत नाही; पाहून आलेल्याने शेजाऱ्याला सांगितलेला एक नेमका प्रसंगच ते करू शकतो.

आणि आवडला नाही तर तेही सांगावे, पण जागा दाखवून. मराठी चित्रपटांचे नट आणि दिग्दर्शक पहिल्या शनिवार-रविवारी ठाण्याच्या चित्रपटगृहांत हटकून येतात, खेळ सुटताना दाराशी उभे राहतात. लोक सेल्फी घेतात, ‘छान झालाय’ म्हणतात आणि निघून जातात. सेल्फी घ्यावा. त्याबरोबर, कोणत्या प्रसंगाला तुमचा श्वास अडकला आणि कुठे तुम्ही पात्राला सोडून दिलेत, हे दोन वाक्यांत त्यांना सांगावे. मी ज्यांच्याबरोबर काम केले ते दिग्दर्शक अशी वाक्ये पाठ झाल्यासारखी सोमवारी एडिट रूममध्ये येऊन सांगतात, आणि पुढच्या चित्रपटाचा कट लावताना आम्ही ती समोर ठेवतो.